पाट काही हलला नाही

कमळाकरच्या ट्रकमध्ये एसी बसला त्या दिवशी त्याच्या घरातला पंखा दुरुस्तीला गेलेला होता. ही गोष्ट त्याची बायको नंदा सगळ्या आळीला सांगून आली.

एसी कमळाकरने मागितलेला नव्हता. कंपन्यांच्या गेटबाहेर दोन-दोन दिवस नंबर लागत नाही, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून झोपतात आणि डिझेल जळतं, म्हणून मालक निलेशशेठने तो बसवून घेतला होता. इंजिन बंद असलं तरी बॅटरीवर आठ तास चालणार. निळं बटण दाबलं की गार, लाल दाबलं की गरम. लाल बटण कशासाठी ते कमळाकरला कळेना. रायगडात हीटर म्हणजे नदीच्या मधोमध पाणपोई.

पण तेच बटण कामाला आलं, आणि तेही गणपतीच्या आदल्या दिवशी.

सव्वीस वर्षं कमळाकर ट्रक चालवत होता आणि सव्वीस चतुर्थ्या त्याने रस्त्यावर काढल्या होत्या. दर वर्षी आरतीच्या वेळेला तो वाटेतून घरी फोन करायचा. "घरी काय चाललंय गो?" नंदा म्हणायची, "काय चालायचं? तुमची वाट बघतोय. मोदक काढून ठेवलाय." तो मोदक त्याला तिसऱ्या दिवशी मिळायचा. तोवर त्या मोदकाने नारळ फोडता आला असता.

यंदा मात्र नंदाने बजावलं होतं. "मूर्ती तुम्ही आणायची. दर वर्षी भाऊ आणतो, त्याला मी सांगून टाकलंय, तू येऊ नको म्हणून. आळीतपण सांगितलंय. आता मखर रिकामं राहिलं तर मी कुनाला तोंड दाखवायची नाय."

म्हणून उरणहून रोह्याच्या कंपनीत ड्रम घेऊन जाताना कमळाकरने हमरापूरला गाडी थांबवली. मूर्ती तयार होती. हातभर उंचीची, शाडूची, डोळे असे की बघणाऱ्यानेच आधी नजर खाली घालावी. फक्त पितांबर ओला होता.

"चार दिवस ऊन नाय, सकाळपासून लाईट नाय," मूर्तिकार चंदर म्हणाला. "रंग वाळायचा कसा? उद्या ये."

"उद्या चतुर्थी हाय रे!"

"मला सांगतोस? वर्षभर मी दुसरं काय मोजतो?"

कमळाकरला लाल बटण आठवलं. त्याने सीटमागच्या झोपायच्या जागेत पाट ठेवला, तो चारी बाजूंनी दोरीने आवळला, वर मूर्ती बसवली, पडदा ओढला आणि बटण दाबलं. चंदरने आत हात घालून बघितला. "आयला! माझ्या कारखान्यापरीस देवाची सोय इथं बरी हाय."

रोह्याच्या गेटवर नंबर मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा. साडेनऊला गेट बंद, पुढे दोन दिवस सुट्टी. कमळाकरने हिशेब मांडला. नऊला गाडी रिकामी, दहाच्या आत कोलाडला घरी, दहाला भटजी. ती रात्र देवाने त्याच्या बिछान्यावर काढली आणि त्याने पुढच्या सीटवर, बनियन पिळत. बॅटरी उतरू नये म्हणून तो मधूनमधून इंजिनही चालू करत होता. निलेशशेठचं डिझेल काही वाचलं नाही, पण सकाळी पितांबर खडखडीत वाळला होता.

तो समाधानाने गेटाशेजारच्या नळावर आंघोळीला गेला.

इतक्यात गेटासमोर टपरी चालवणाऱ्या गिरजाबाई त्याचा चहा घेऊन आल्या. कमळाकर दिसेना म्हणून त्यांनी दार उघडलं, पडदा सरकवला आणि समोर साक्षात गणपती. वर बारीक लाल-हिरवे दिवे लुकलुकतायत, आरशाला मोगऱ्याची माळ, खाली पाट. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्याला सणाला घरी जाता येत नाही म्हणून त्याने गाडीतच देव बसवला! आणि देवापुढे ना फूल, ना दिवा.

"नाथा, ए नाथा! दूर्वा आण!" त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरला हाक मारली. "देव उपाशी बसलाय!"

नाथाने गेटालगतच्या गवतातून दूर्वा आणल्या, कंपनीच्याच कुंपणावरची जास्वंद आणली. टपरीतून निरांजन आलं, साखर आली. गिरजाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि आरती सुरू केली. रांगेतले दहा-बारा ड्रायव्हर घसा साफ करून सामील झाले. नळावर कमळाकरने डोळ्यांना साबण लावला होता. आरती ऐकून त्याला फार बरं वाटलं. कुणाकडे चाललीय ते दिसत नव्हतं, पण त्यानेही फेसाळ हातांनी टाळ्या वाजवल्या आणि शेवटी सगळ्यांत मोठ्याने "मोरया" म्हणाला.

डोळे धुतल्यावर त्याला गर्दी दिसली. मग ट्रक दिसला. आपला.

"काय केलंत गिरजाबाय!"

"अरे, पुण्य केलं. देवाला घाम फुटला असता आत, म्हणून ते निळं बटणपण दाबलं."

"मूर्ती घरी न्यायची होती!"

नाथा हळूच म्हणाला, "अक्षता पडल्या की रे. आता दीड दिवस देव जागचा हलायचा नाय."

कमळाकरने ओल्या अंगाने नंदाला फोन लावला.

"बसला," तो म्हणाला.

"कोन बसला?"

"गणपती."

"कुठं?"

"गाडीत."

पलीकडे इतकी शांतता झाली की फोन कट झाला का ते त्याने बघितलं.

"अक्षता कुनी टाकल्या?"

"गिरजाबायनी. चहावाल्या."

"मग तिथंच जेवा दोघं, तुम्ही आणि देव," नंदा म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता आणि तेच वाईट होतं.

त्यातच गेटवरचा आदर्श नावाचा पोरगेला वॉचमन शिट्टी वाजवत आला. "काका, नंबर आला. गाडी आत घ्या."

"गाडी हलायची नाय!" नाथा आडवा झाला. "देव बसलाय."

"साडेनवाला गेट बंद होनार. मग दोन दिवस इथंच."

मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. ज्यांनी आत्ताच आरती म्हटली होती तेच जास्त वाजवत होते, कारण त्यांनाही घरी जायचं होतं. शेवटी कमळाकरने घरी येणार असलेल्या भटजींना फोन केला. भटजी स्कूटरवर होते. त्यांचं चौथं घर संपून पाचवं यायचं होतं.

"पाट हलला का?" भटजींनी विचारलं.

"पाट दोरीनं बांधलाय."

"मूर्ती पाटावर आहे ना? मग देव आपल्या जागी आहे. जागा फिरत असेल तर तो जागेचा प्रश्न. पृथ्वी फिरते म्हणून आपण विसर्जन करतो का? हळू चालवा. कोलाडला आलात की पूजा मी नीट करीन. ठेवतो, पुढे म्हैस आहे."

हे सगळ्यांना पटलं. आदर्शला पटलं नाही. "आत आग चालत नाय. केमिकल हाय. निरांजन विझवा."

"देवापुढचा दिवा इझवतोस?" गिरजाबाई कडाडल्या. मग स्वतःच नमल्या, निरांजन तेवतंच टपरीवर घेऊन गेल्या आणि देवापुढे केबिनमधला छोटा दिवा लागला. तोही बॅटरीवरच.

आदर्शने वही उघडली. "गाडीत मानसं किती?"

"एक."

आदर्शने पडद्याकडे बघितलं, विचार केला आणि दोन लिहिलं. "आत प्रत्येकाला हेल्मेट लागतं."

"मुकुट हाय," कमळाकर म्हणाला.

आदर्शने रकान्यात बरोबरची खूण केली.

ड्रम उतरवून झाल्यावर रोहा ते कोलाड कमळाकरने ज्या वेगाने गाडी चालवली त्या वेगाने बैलगाड्यासुद्धा कंटाळल्या असत्या. खड्ड्यापाशी थांबून तो मागे बघायचा. पाट काही हलला नाही. आळीत ट्रक शिरत नव्हता, म्हणून तो तोंडाशीच उभा राहिला. नंदा तांब्या आणि ताम्हण घेऊन आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने चतुर्थीला नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं. त्याच्याकडे मात्र बघितलं नाही. देवाला ओवाळायला वर चढली.

भटजींनी पायरीवर उभं राहून पूजा सांगितली. घरातलं मखर ओकंबोकं राहू नये म्हणून तिथे एक सुपारी मांडायला लावली आणि तिच्यापाशी घरच्या कर्त्या पुरुषाने बसावं असं सांगून ते सातव्या घराकडे पळाले.

मग आळी दर्शनाला आली. जो वर चढे तो दोन मिनिटांसाठी चढे आणि अर्धा तास उतरत नसे. बाहेर पाऊस थांबून अंगाला चिकटणारा उकाडा सुटला होता, लाईट गेलेली होती आणि केबिनमध्ये निळं बटण चालू होतं. नंदा तर उतरायलाच तयार होईना. "देवाला एकटं सोडत नायत," ती म्हणाली. तिची थोरली बहीण अक्काही देवाला एकटं सोडायला तयार नव्हती.

संध्याकाळी कमळाकर घरात मखरापुढे एकटाच बसला होता. समोर सुपारी. छताला पंखा होता, दुरुस्त झालेला, पण लाईट नव्हती. आळीच्या तोंडाकडून आरतीचा आवाज आला, मग बायकांचं हसणं. तेवढ्यात फोन वाजला.

"आरती झाली," नंदा ट्रकमधून म्हणाली. "घरी काय चाललंय?"

कमळाकरने सुपारीकडे बघितलं.

"काय चालायचं? तुमची वाट बघतोय."

पलीकडे पुन्हा तशीच शांतता झाली. या वेळी त्याने फोन कट झाला का ते बघितलं नाही.

"अक्का, उतर गो जरा," नंदाचा आवाज आला. मग हळूच, फोनमध्ये, "या. मोदक गरम हाय अजून."

कमळाकर उठला. दारापाशी गेला, परत वळला, सुपारी ताम्हणात घेतली. मग त्याला नाथाचं बोलणं आठवलं. त्याने ती होती तिथे परत ठेवली आणि सुपारीला हात जोडले.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "आलोच."