वळायला जागा

"वैनी, ही बाग म्हणायची की रेशनची रांग?" धाकटे दीर कृष्णाजी कुंपणापलीकडून विचारायचे.

तंजावूरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सुंदरीबाईंनी तिरुवैयारूच्या शेतात लिंबं लावली होती, तीही दाटीवाटीनं. खोडं सरळ, फांद्या छाटलेल्या, दोन ओळींमधली वाट लिंबं उतरवायच्या यंत्रापुरती. यंत्रानं खोड धरून हलवायचं, लिंबं त्याच्या झोळीत पडायची.

"झाडं यंत्रासाठीच लावलीत," त्या ठणकावून सांगत. "तुम्ही बघा तर खरं."

कृष्णाजी बघायला आलेच. पापनाशमला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं, तिकडं जाताना ते मुद्दाम थांबले. बागेतल्या वाटेच्या पार टोकाला, आपल्या रानाच्या कुंपणाला भिडवून त्यांनी नवी गाडी लावली. फजिती जवळून दिसावी म्हणून!

भाड्याचं यंत्र वाटेत शिरलं. खोडं थरथरली, लिंबं धो-धो झोळीत पडली. सुंदरीबाईंची मान ताठ झाली. टोकाला येऊन यंत्र थांबलं.

"अम्मा, आता वळू कुठं?" ड्रायव्हर गुरुमूर्तीनं विचारलं.

झाडं थेट कुंपणापर्यंत होती. वळायला जागाच ठेवली नव्हती!

कृष्णाजी पोट धरून हसले. "अय्यो वैनी! यंत्राला पंख लावा आता!"

"मागं घेतो," गुरुमूर्ती म्हणाला, "पण झोळीच्या दांड्यांनी फांद्या मोडतील."

"एक फांदी मोडायची नाही. भावोजी, कुंपण काढा. तुमच्या मोकळ्या रानातून वळेल."

"माझी एक काठी हलायची नाही!"

"सरि. मग यंत्र इथंच राहील." सुंदरीबाई झाडाखाली बसल्या आणि लिंबू पिळू लागल्या. "सरबत घेणार?"

इतक्यात कृष्णाजींचा फोन वाजला. त्यांच्या बायकोचा, अलमेलुचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अहो, आहात कुठं? पोरीच्या गळ्यात बांधायची ताली तुमच्या गाडीत राहिली! मुहूर्त टळतो की!"

कृष्णाजींनी गाडीकडं पाहिलं. मागं यंत्र, पुढं कुंपण, दोन्ही बाजूंना काटेरी लिंबं.

"गुरुमूर्ती, घे मागं!"

"अम्मांनी नको म्हटलंय."

"वैनी, पोरीचं लग्न आहे हो!"

"मग जा की. मी कुठं अडवलंय?"

कृष्णाजी दात-ओठ खात गाडीत बसले. कुंपणाच्या काठ्या कडाकडा मोडल्या. गाडी त्यांच्याच रानातून धुरळा उडवत रस्त्याला लागली. मागोमाग यंत्रही त्याच खिंडारातून निघालं आणि ऐसपैस वळून दुसऱ्या वाटेत शिरलं.

सुंदरीबाईंनी अलमेलुला फोन लावला.

"भावोजी निघाले गं. मला मात्र उशीर होईल, त्यांनी आत्ताच यंत्राला वाट करून दिलीय."