खिरीच्या टोपावरचा भरवशाचा माणूस

बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचा टोप यंदा मी सांभाळायचा, असं आमच्या विहाराच्या कमिटीने एकमताने ठरवलं. यात माझा गौरव वगैरे काही नव्हता. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आमच्या वस्तीत गेल्या वर्षी वंदना संपायच्या आतच टोप अर्धा झाला होता, आणि राखणीला बसलेली मंडळी ढेकर देत होती. म्हणून अध्यक्ष सोमाकाकांनी डोकं लढवलं.

"टोपावर राजरत्नला बसवा. त्याला शुगर आहे, तो खाऊच शकत नाही."

मधुमेहामुळे माणसाला पद मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं. (अंबरनाथच्या कंपनीत डिस्पॅचला इतकी वर्षं घासतोय, अजून हातवाली खुर्ची मिळालेली नाही.) मी छाती पुढे काढून हो म्हणालो.

सोमाकाकांच्या डोक्यातून त्याच बैठकीत आणखी एक आयडिया निघाली. खिरीला पब्लिक येतंच, तर त्याच मांडवात जुनाट आजारांचं शिबिरही उरकून घ्यायचं. बदलापूरच्या डॉक्टर संजीवनी येणार, शुगर-बीपी फुकट तपासणार. एका टोकाला खीर, दुसऱ्या टोकाला सुई.

पौर्णिमेच्या सकाळी मी पांढरा सदरा घालून टोपाशेजारी मांडी ठोकली. भंतेजींचं पात्र भरल्याशिवाय खिरीला कोणी तोंड लावायचं नाही, हा आमचा नियम. पण खीर बुडाला लागली की नाही, हे कोणीतरी बघायला नको का? चमच्याने घेतलं तर ते खाणं झालं. बोटाने घेतलं तर ती तपासणी. मी तपासणी केली. मग दुसऱ्या बाजूने केली. टोप गोल असल्यामुळे बाजू संपेनात.

वंदना झाली आणि डॉक्टरबाईंनी पोस्टर उलगडलं. त्यावर एक माणूस काढलेला होता आणि त्याच्या अंगावर सगळीकडे लाल बाण.

"हा आजार म्हणजे पागडीचा भाडेकरू," त्या म्हणाल्या. "एकदा घुसला की घर सोडत नाही. पण ताब्यात ठेवला तर गपगुमान राहतो. मोकाट सोडला तर आतून भिंती पोखरतो. डोळ्यांचे पडदे, किडन्या, पायांच्या नसा. आणि दुखत काहीच नाही, म्हणून माणूस म्हणतो, मला काय झालंय? चला, पहिलं कोण येतंय?"

कोणी हलेना. सुईच्या भीतीने आमचे दोन माजी नगरसेवक तर मोबाइलवर बोलत मांडवाबाहेर गेले. लोकांना धीर द्यावा म्हणून मी पुढे झालो. (कार्यकर्ता हा मेल्याशिवाय सुधारत नाही.) तर्जनी पुढे केली. बाईंनी टोचलं, मशीनकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाचशे बारा."

सोमाकाकांनी माइक ओढला. "आपले राजरत्न यांची शुगर पाचशे बारा निघालेली आहे. त्यांनी घाबरू नये! रिक्षावाल्यांनी गेट मोकळं करावं! बायकांनी रडू नये!"

तोपर्यंत कोणी रडत नव्हतं. माइकवर ऐकल्यावर दोघी-तिघींनी सुरुवात केली.

मी पोस्टरवरच्या माणसाकडे पाहिलं आणि त्याचे सगळे बाण मला लागले. डोळ्यांपुढे धुकं आलं. (चष्म्यावर खिरीची वाफ होती.) उजवा पाय बधिर झाला. (मांडी घालून बसलो होतो.) घसा कोरडा पडला. (तोंड उघडंच राहिलं होतं.) माझी एक किडनी बंद पडल्याचंसुद्धा मला स्पष्ट जाणवलं. कोणती, ते सांगता आलं नसतं.

इतक्यात माझी बायको अस्मिता फुलांचं तबक टाकून धावत आली.

"मॅडम, असं कसं होईल? तीन महिने घरात साखरेचा दाणा नाही हो! यांना एकट्याला नको वाटायला म्हणून मीपण फिकाच चहा पिते. यांच्याबरोबर कारल्याचा रस घेते, सकाळी चालायला जाते. माझंच काहीतरी चुकलं असणार. परवा भात जरा जास्त वाढला मी."

पाचशे बाराने झालं नव्हतं ते त्या भाताने झालं. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी. तिला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण समोर अख्खी वस्ती, भंतेजी आणि माइक होता, म्हणून मी मरणंच पसंत केलं.

"एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टोचायच्या आधी हात धुतले होते का?"

"हात? नाही... म्हणजे फुलं वगैरे..."

अस्मिताने माझं बोट पकडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "वेलची."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "बोटाला गोड लागलेलं असलं की मशीन तेही मोजतं. अहो, ही तुमची नाही, खिरीची शुगर आहे!"

मी सुटकेचा श्वास सोडला. "तेच म्हणतोय मी! नुसतं बोट लागलं होतं. खाल्लं काही नाही."

बाईंनी मला नळावर पाठवलं. मी साबणाने खसाखसा हात धुतले. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. दोनशे एकाहत्तर.

"बोट धुतलंत," त्या म्हणाल्या, "रक्त कसं धुणार?"

"तरीच!" सोमाकाका ओरडले. "टोप वीतभर खाली कसा, म्हणून मी मघापासून बघतोय! राज्या, तुझ्यावर भरवसा होता रे!"

"एकच वाटी," मी पुटपुटलो. "तीपण छोटी. आईशप्पथ."

अस्मिता काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, माझ्या जागेवर बसली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. ब्याण्णव.

"टाळ्या!" डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "मंडळी, पथ्य पाळलं की काय होतं ते बघा. राजरत्न, तुमची ट्रीटमेंट एक नंबर चालली आहे. फक्त ती यांच्या अंगाला लागतेय."

भंतेजींना दान झाल्यावर सोमाकाकांनी पहिली वाटी अस्मिताला दिली, तीही माइकवरून नाव पुकारून. ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. सावकाश, चमच्याने, एकेक काजू वेचत खाऊ लागली. मी मान खाली घालून उभा होतो. चारपाच चमच्यांनंतर तिचा चेहरा जरा निवळल्यासारखा वाटला. माझ्या जिवात जीव आला.

"छान झालीये," ती म्हणाली. "पण साखर थोडी कमी पडलीये, नाही का?"

ती आपणहून बोलली, या आनंदात मी झटकन म्हणालो, "पहिल्या वाटीला तसं वाटतं गं. तिसऱ्या वाटीला बरोबर लागते."