आईच्या नावाचा आय्वार

मिरच्या दुपारी दोननंतर घ्यायच्या, असं ब्लागोयानं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

एरवी त्याला कुणी ठरवू दिलं नसतं. मार्च उजाडला, मेलबर्नच्या सकाळी जरा गार झाल्या, की लालर भागातल्या निम्म्या मॅसेडोनियन घरांची गॅरेजं उघडत. गाड्या रस्त्यावर जात, आत पिंपं पेटत आणि लांबट लाल गोड मिरच्या भाजून हिवाळ्यासाठी आय्वारची, म्हणजे भाजक्या मिरच्यांच्या गोडसर चटणीची, बेगमी होई. ब्लागोयाच्या घरी मिरच्यांची निवड सासूबाईंकडे असे. स्तोयांकाबाई बाजारात प्रत्येक खोक्यातली एक मिरची सरळ दातानं तोडून बघत. (तेवढा वेळ ब्लागोया कांद्यांच्या गाड्यामागे उभा राहून आपण यांचे कुणीच नाही असा चेहरा करी.)

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. यंदा त्यांच्या नावानं ईस्टरला चर्चमध्ये चाळीस बरण्या द्यायच्या, असं बायकोनं, त्रायांकानं, कबूल केलं होतं. आणि नेमकी तीच शिडीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये.

"मी आणतो मिरच्या," ब्लागोया म्हणाला.

"तू?"

"बाजार उठायच्या वेळेला जाईन. निम्म्या भावात देतात. तुम्ही बायका पहाटे धावता, म्हणून तर ते लुटतात तुम्हाला!"

दोन वाजता सगळे भाजीवाले आवराआवर करत होते. एकाकडे बारा खोकी उरली होती. लालबुंद, चकचकीत, एकसारखी.

"तिखट नाहीत ना?" ब्लागोयानं अदबीनं विचारलं.

"साखर आहे, दादा, साखर!"

सुशिक्षित माणसानं आणखी काय विचारायचं? त्यानं बाराही उचलली.

रविवारी सकाळी पिंप पेटलं. सालं काळी पडून फुगली, तो जुना गोडसर धुराचा वास गल्लीभर पसरला, आणि ब्लागोयाला एकदम सासूबाई दिसल्या. डोक्याला रुमाल, बाह्या कोपरापर्यंत, आणि तोंडानं सतत, "अरे, सोलतोयस की दाढी करतोयस तिची?" डोळ्यात काही आलंसं वाटलं, म्हणून त्यानं मिरची सोलता सोलता बोटानं पुसलं.

पुढच्या क्षणी तो बागेतल्या नळाखाली डोकं घालून ओरडत होता.

"काय झालं रे?" खुर्चीवरून हुकूम सोडणाऱ्या त्रायांकानं विचारलं.

"धूर गेला डोळ्यात!"

मिरच्या तिखट निघाल्या हे कबूल करायचं धैर्य कुठून आणायचं? त्यानं गुपचूप हातमोजे चढवले, मिरच्या दळल्या, तेल ओतलं आणि मोठ्या पातेल्यात चार तास ढवळत राहिला. ढवळून तिखटपणा उडून जातो, अशी त्याची समजूत होती. (जात नाही.)

शेवटी त्रायांकानं पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला. तिचे डोळे भरले, गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ब्लागोया हेलावला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही आठवण येते गं आईंची. पण त्या बघताहेत हो आपल्याकडे."

ती मान हलवत होती. डाव्या हातानं नळाकडे दाखवत होती.

"हो, तिथंच बसायच्या त्या..."

"पाणी!" त्रायांका कशीबशी म्हणाली. "पाणी आण, गाढवा!"

दोन पेले रिचवल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. प्लास्टर पोटाशी धरून, खुर्ची हलेपर्यंत. अंत्यविधीनंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती. "आई असती ना, तर तुलाच पिंपावर भाजलं असतं!"

"टाकून देऊ?"

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या थान यांनी मान काढली. ते व्हिएतनामचे, दरवर्षी या वासाला हजर असत. त्यांनी चमचा चाटला, डोळे मिटले, पुन्हा चाटला.

"तीस वर्षं तुमच्या सासूबाईंना मी छान, छान म्हणत आलो," ते हळूच म्हणाले. "भिडेखातर. मुरांबा होता तो. हे जेवण आहे!"

मग बरण्या भरल्याच.

ईस्टरला चर्चच्या हॉलमध्ये ब्लागोया दाराजवळ उभा राहिला, पळायला सोपं. पण म्हातारे नाकं पुसत, शिव्या देत, परत परत पाव घेऊन येत होते. तासाभरात एकही बरणी उरली नाही. चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख फानियाबाई डोळे टिपत त्रायांकापाशी आल्या.

"असला आय्वार जन्मात खाल्ला नाही गं! या मिरच्या निवडल्या कुणी?"

ब्लागोयानं टाय सरळ केला, खाकरला आणि दोन पावलं पुढे आला.

"आईची जुनी पद्धत," त्रायांका शांतपणे म्हणाली. "मरताना फक्त मला सांगून गेली."

"आणि हे?"

"हा होय? हा खोकी उचलतो. ब्लागोया, उभा काय राहिलास? सगळी ताटं गोळा कर, आणि फानियाबाईंनी घरून आणलेली त्यांच्या गाडीत ठेव."

"धुऊन ठेवा हं," फानियाबाई म्हणाल्या.