गाडीच्या नाकातली नळी

माझा भाऊ रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून गाडीत बसतो आणि कुठेही जात नाही. फाटक बंद, गाडी पोर्चमध्ये, इंजिन चालू, आणि हा आत बसून समोरच्या डॅशबोर्डवरल्या पिवळ्या दिव्याला शिव्या देऊन राहिला असतो. शिव्या हिंदीत. घरात आम्ही मराठी बोलतो, पण भाऊचा राग पक्का जबलपूरचा आहे, त्याला मराठी पुरत नाही. "सुबह-सुबह आँखें किसको दिखा रहा है बे?" असं तो एकदा त्या दिव्यावर ओरडला, तर रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला आणि मलाच विचारू लागला की दीदी, मैंने क्या किया.

लोकांना गंमत वाटते. वाटू द्या. चार दिवस या माणसाबरोबर राहून दाखवावं, मग हसावं. मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत पोरांना गणित शिकवलं, आणि वहिनी गेल्यापासून जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या याच घरात त्याच्या पोळ्या लाटून राहिले. तेव्हा त्याच्यावर चिडायचा माझा हक्क कोणी काढून घेऊ नये.

भाऊचं नाव प्रभाकर. सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, तपासणीच्या सेक्शनमध्ये. समोर आलेली वस्तू उलटीपालटी करून पाहायची आणि मनास आली नाही तर 'कंडम' म्हणून बाजूला टाकायची, हे काम. निवृत्त झाला तेव्हा बाकी सगळं फॅक्टरीत जमा केलं, हा शब्द तेवढा घरी घेऊन आला. पालक कंडम. पंखा कंडम. नवीन रस्ता तर डांबर वाळायच्या आधीच कंडम. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात मला साडी घ्यायला गेलो, तर यानं पदराचा धागा ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि दुकानदाराला सुनावलं की हा माल पास होऊ शकत नाही. दुकानदारानं हात जोडले. बाबूजी, लेना हो तो लो, इम्तिहान मत लो, म्हणाला. मी साडीशिवाय घरी आले. आमच्या मावसबहिणीच्या लग्नात यानं पंगतीत बसून जिलेबीचं वेटोळं उजेडात धरून पाहिलं होतं, त्याबद्दल तर मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

निखिल त्याचा एकुलता एक मुलगा. बापाचा सगळा आखडूपणा पोरात उतरला, फक्त तोंड उतरलं नाही. बाप ओरडतो, मुलगा गप्प होतो. वहिनी होती तोवर बापाचं ऐकून पोराला गोड करून सांगायची, पोराचं ऐकून बापाला. ती गेली आणि या दोघांना एकमेकांशी काय बोलायचं तेच सुचेना. निखिलला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीत. इथल्या पोरांचं तसंच आहे. पण सवाल भाषेचा नव्हता. एका भाषेत तरी बोला ना बाप्पा.

गाडी निखिलची. जुनीच घेतलेली, पण जीव तिच्यावर. पुण्याला नोकरी लागली आणि जायच्या आधी त्यानं पार्सलनं एक खोकं मागवलं. गाडीत बाहेरची हवा एका काळ्या डब्यातून इंजिनात जाते. तो डबा त्यानं काढून टाकला आणि त्याच्या जागी चकचकीत पाइप लावला, टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर. त्यानं म्हणे गाडी मोकळा श्वास घेते. इंजिनाचा आवाजही असा भारदस्त झाला की समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत आली.

भाऊ शेजारी उभा राहून सगळं पाहत होता. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं, पोरगा घर सोडून चालला होता, मनात काय काय साचलं असेल. पण तोंडातून निघालं काय?

"घरचा नळ गळून राहिला तो दिसला नाही तुले, आणि गाडीच्या नाकात नळी घालून राहिला. कंडम काम."

निखिलनं पाना खाली ठेवला. मग बेच दीजिए गाड़ी, एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्याला स्टेशनवर पोचवायला मीच गेले.

त्यानंतर पावसाळा आला, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. बापाचा पोराला फोन नाही, पोराचा बापाला नाही. दोघांचे फोन माझ्या डोक्यावर. बाबा ठीक आहेत ना, हे तो मला विचारणार. मी फोन ठेवला की काय म्हणत होता, हे हा मला विचारणार. मी काय टपालखातं आहे? एकदा वैतागून सांगितलं की तूच विचार ना. तर म्हणे, त्यानं आधी करावा. तिकडे पुण्यात तेच उत्तर. माझ्यासारख्या बाईनं जिंदगीभर पोरांना बेरजा शिकवल्या, पण हे दोन आकडे कधी एका ओळीत मांडता आले नाहीत.

गाडी मात्र भाऊनं विकली नाही. नळीही काढू दिली नाही. गॅरेजच्या मिस्त्रीनं सहज म्हटलं की बाबूजी, हे फालतू आहे, जुना डबा परत बसवून देतो, तर भाऊ त्याच्यावर असा भडकला की मला मध्ये पडावं लागलं. स्वतः दिवसभर त्या नळीला नावं ठेवणार, पण दुसऱ्यानं ठेवली की याच्या अंगाची लाही होणार.

मग दसरा आला. दसऱ्याला आमची गाडी दरवर्षी ग्वारीघाटावर जाते. तिथे पंडितजी चाकाखाली लिंबू ठेवतात, बोनेटवर स्वस्तिक काढतात, नर्मदेचं पाणी शिंपडतात. आजवर पूजा बाहेरूनच व्हायची. पण भाऊच्या सेक्शनमध्ये मशीनची पूजा कव्हर उघडून करायचे, आतल्या भागाला कुंकू लागलं पाहिजे हा तिथला नियम. यानं बोनेट उघडलं आणि पंडितजींना सांगितलं की नवीन पार्ट इथे आहे, पोरानं लावलेला, पूजा याची करा. मी म्हटलं, अरे, कंडम म्हणतोस ना त्याले? तर म्हणे, कंडम असो का कसा, घरात आला ना, मग पूजा होईनच.

पंडितजींना काय, त्यांनी मनापासून केली. त्या लाल फिल्टरला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि नर्मदे हर म्हणून सगळा लोटा त्याच्यावर ओतला. वरून उदबत्ती ओवाळली. मी बाजूला उभी राहून हात जोडले. मला तरी काय माहीत, गाडी नाकानं कुंकू ओढते म्हणून.

घाटाचा चढ चढेपर्यंत गाडी खोकायला लागली. सिग्नलला थांबलो तर सगळी गाडी थरथरू लागली, आणि समोर तो पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. भाऊनं दिव्याला, पंडितजींना, पेट्रोलपंपाला आणि शेवटी मला शिव्या दिल्या. घरी आल्यावर मी सरळ निखिलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यानं विचारलं, फिल्टर ओला झाला का. मी उत्तर द्यायच्या आत भाऊनं माझ्या हातातून फोन ओढला.

"ओला नाही. नर्मदेचं तीर्थ आहे ते."

इतक्या महिन्यांनी बापानं पोराशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

निखिल हसला नाही. शहाणं पोरगं आहे तसं. त्यानं शांतपणे एकेक सांगायला सुरुवात केली. फिल्टर काढा, अक्षता झटका, सावलीत वाळवा, फुंकर मारू नका. पाइपात एक बारीक सेन्सर आहे, आत किती हवा गेली ते इंजिनाला तोच सांगतो. त्याच्यावर कुंकू बसलं असेल, त्याचा स्प्रे मिळतो, त्यानंच साफ करा, कपडा लावू नका. प्लग खटकन वाजेपर्यंत दाबा. पाइपाचे क्लॅम्प हातानं हलवून पाहा, एखादा सैल असेल तर तिथून चोरून हवा जाते आणि सीटी वाजते. सगळं झालं की बॅटरीची तार थोडा वेळ काढून परत लावा. भाऊ मध्ये मध्ये भांडत होता, पण ऐकत होता. फोन तापेपर्यंत चाललं. दिवा विझला. त्या दिवशी भाऊनं एक पोळी जास्त खाल्ली आणि पोळीला नावही ठेवलं नाही.

मला वाटलं, चला, सुटले.

पुढच्या रविवारी दिवा पुन्हा लागला. परत फोन, परत प्लग, परत क्लॅम्प. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. निखिल दर वेळी पहिल्यापासून शिकवणार, भाऊ दर वेळी पहिल्यापासून वाद घालणार. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. पण फोन झाला तरी दुसऱ्या दिवशी दिवा परत लागलेला, रोज गाडीत बसून त्याच्याशी भांडण, गाडी जागची हलत नाही, मला मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर ऑटो कर. एका मंगळवारी माझं डोकं फिरलं. भाऊ पेपर घेऊन अंगणात बसला होता. मीच बोनेट उघडलं. सेन्सरचा प्लग अर्धा बाहेर आलेला. खटकन बसवला, वरून वायरींना गुंडाळतात ती काळी टेप करकचून गुंडाळली, बॅटरीची तार काढली, लावली. दिवा गेला तो गेलाच. मी ऐटीत येऊन भाऊला सांगितलं. अच्छा, म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

रविवार आला, फोन झाला नाही. पुढचाही तसाच गेला. भाऊ सकाळी गाडीत बसायचा, चावी फिरवायचा, समोर सगळं काळंभोर पाहून उतरायचा. शिव्या बंद. भाजीत मीठ घालायला विसरले तर मुकाट्यानं जेवला. आता सांगा, मी घाबरू नको तर काय करू? हा माणूस ओरडायचा थांबला तर याच्यात उरतं काय?

मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसला. बोनेट उघडं, चष्मा नाकावर, आणि नखानं माझी टेप उकलून राहिला होता. टेप सुटत नव्हती. शेवटी खिशातला रुमाल काढला, निखिलची ती नळी पुसली, टोकापासून टोकापर्यंत, आणि बोनेट हळूच लावलं. मी तशीच कणकेच्या हातांनी उभी राहिले. दर वेळी तो प्लग कोण बाहेर काढत होतं, ते मला तेव्हा समजलं.

असा संताप आला म्हणून सांगू. हात न धुता पुण्याला फोन लावला आणि निखिलला नको नको ते बोलले. तुझा बाप म्हातारपणी स्वतःची गाडी स्वतः बिघडवून राहिला, आणि तू तिकडून मास्तरकी करतो, तुले काहीच कसं समजत नाही.

 तो म्हणाला, "पता है, आत्या. दशहरे के बाद बत्ती जलने का कोई कारण ही नहीं था."

"मग दर वेळी प्लग पाहा, क्लॅम्प पाहा, काहून सांगत होता?"

"और क्या बोलता? दूसरी किसी बात पर बाबा फोन पकड़ते ही नहीं."

मी फोन ठेवला. राग मात्र गेला नाही. दोन धट्टेकट्टे पुरुष, एकाला 'कसा आहेस' म्हणता येत नाही, दुसऱ्याला 'कसे आहात' म्हणता येत नाही, आणि दोघांच्या मध्ये ती मुकी गाडी आजारी पडून राहिली. यांना काय म्हणावं तुम्हीच सांगा.

तसल्याच रागात सुरी घेतली, पोर्चमध्ये गेले, टेप कापली आणि प्लग ओढून काढला. आत येऊन भाऊला म्हटलं, गाडी काढ, मले बाजारात जायचं आहे. तो कुरकुरत उठला. चावी फिरवली. गाडी थरथरली. दिवा लागला.

"फिर आ गया साला," भाऊ एवढ्यानं ओरडला की समोरच्या घराची खिडकी उघडली. तरातरा उतरून त्यानं बोनेट उघडलं. आयुष्यभर माल तपासलेला माणूस. सुरीनं कापलेली टेप त्याच्या नजरेतून सुटते का? त्यानं टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहू लागले.

मग त्यानं स्वतःच, स्वतःच्या फोनवरून निखिलला लावला. पहिल्याच घंटीला तिकडून आवाज आला. पहले प्लग देखिए, बाबा, निखिल म्हणाला.

भाऊच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात तो निघालेला प्लग.

"प्लग टाइट आहे," भाऊ म्हणाला. "पुढचं सांग."