ताप कधी आलेला?

कुणी भडकलं, कुणी रडलं, कुणी विनाकारण हसलं, की आमच्या शेजारचे म्हात्रेकाका एकच प्रश्न विचारतात, "ताप कधी आलेला?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पार्किंगवरून टेबल बडवत होते. काका शांतपणे उठले. "साहेब, मागच्या म्हयन्यात ताप आलेला का तुमाला?"

"विषय काय आणि तुम्ही बोलताय काय?"

"मी विषयावरच हाय," काका म्हणाले. "तुमी नाय."

त्या दिवशी मीटिंग झाली नाही. चहा तेवढा झाला.

एकदा भाजीवाल्यानं मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. काका शेजारीच उभे होते. त्यांनी लगेच भाजीवाल्याच्या तब्येतीची चौकशी केली. तेव्हापासून मला कोथिंबीर विकत घ्यावी लागते.

काका मूळचे करावे गावचे, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातले. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर सीवूड्सला आमच्या इमारतीत राहायला आले. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ हिरामण, दोघंच. हिरामण कुणाशी बोलत नाही. दिवसभर गॅलरीत बसून असतो.

"एक थेंब जास्ती पडला ना, तर आख्खी ब्याच बाद," काका लिफ्टमध्ये मला सांगायचे. "मेंदूत पन केमिकलच हाय. वायरस आत शिरला का समदं ढवळून निघतं. मानूस वाईट नसतो हो. ब्याच बिघडलेली असते."

मी मान हलवायचो आणि आमच्या मजल्याची वाट बघायचो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, वैशालीला, व्हायरल ताप आला. आठवडाभर झोपून होती. ताप उतरला, ती शाळेत शिकवायला जायलाही लागली, पण घरात तिचा आवाज येईना. डबा भरलेलाच परत यायचा. मुलीच्या वाढदिवसाला तिनं केक कापू दिला, फोटोत हसली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

"मला काही वाटतच नाहीये," ती म्हणाली. "आनंद नाही, राग नाही. काहीच नाही."

माझी आई तेव्हा साताऱ्याहून आलेली होती. तिचं मत ठरलेलं होतं. "कामाचा कंटाळा, दुसरं काय. आमच्या वेळी असलं नव्हतं."

पुढे एकदा काका दारातच भेटले. वैशाली दिसत नाही म्हणाले आणि त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "आला होता काका, पण तो जाऊन महिना झाला."

मला वाटलं, आता केमिकलवर भाषण होणार. झालं नाही. ते चपला काढून सरळ आत आले आणि आईसमोर बसले.

"तिला मनाच्या डॉक्टरला दाखवा."

"आमच्यात कुणी वेडं नाही," आई म्हणाली.

"आमच्यात पन नव्हतं, आई."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं डॉक्टरकडे निघालो, तेव्हा काका आधीच रिक्षात बसलेले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वैशालीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इन्फेक्शननंतर शरीरात जी सूज येते, तिचा परिणाम कधी कधी मेंदूतल्या रसायनांवरही होतो. त्यातून अशी उदासी येऊ शकते. पण तेच कारण आहे असं मी ठामपणे नाही सांगू शकत. ताण असतो, घराण्यातून आलेलं असतं, बऱ्याच गोष्टी असतात. कारण काहीही असलं तरी उपचार आहेत."

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी बोलणं सुरू झालं. वैशाली हळूहळू सावरत गेली. एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "हा चहा आहे की काढा?" आणि अर्धा तास माझ्याशी भांडली. इतकं छान वाटलं, की मी ही बातमी सांगायला काकांकडे गेलो.

काका ताटात उकडलेला बोईट मासा घेऊन काटे काढत होते. मी सांगितलेलं ऐकून त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "डॉक्टर पक्कं बोलली का? तापामुलंच झालेलं?"

"नाही. असू शकतं म्हणाल्या."

त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते काटेच काढत राहिले.

"आमच्यावाला डॉक्टर पन तेच बोललेला," ते म्हणाले. "हिरामन तरना होता तेव्हा त्याला मोठा ताप आला. उतरला, पन मग तो होडीत बसंना. बोलायचा, पानी माझं नाव घेतं. बाबा बोलले, कामचोर झाला. मला पन तसंच वाटलं. एक दिवस बंदरावर समद्यांसमोर मी त्याला वल्ह्यानं मारला. तवापासून त्याचं बोलनंच तुटलं. मग भगत झाले, अंगारे झाले. डॉक्टर लय उशिरा गाठला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काका."

"तेच तर." त्यांनी मान वर केली नाही. "ताप होता म्हनलं, तर मी आजारी मानसाला मारलं. ताप नव्हता म्हनलं, तर माझ्या मारानंच तो असा झाला. तुमीच सांगा, यातलं बरं कुठलं?"



काकांनी हाक मारली तसा हिरामण गॅलरीतून आला आणि पाटावर बसला. गोळ्यांमुळे त्याचे हात थरथरतात, काटे काढता येत नाहीत. काकांनी साफ केलेला तुकडा त्याच्या भातावर ठेवला. तो खाली बघत खात राहिला. मग एकदम म्हणाला, "दादा, तू पन जेव."

"जेवतो," काका म्हणाले आणि त्यांनी पुढचा तुकडा साफ करायला घेतला.