आकड्यांचा वाफा

बिरूतात्या कीबोर्ड बघत नाहीत, ऐकतात. दुकानात आले की आधी चष्मा काढून खिशात ठेवतात. मग काउंटरवर कोपर टेकवतात, मान वाकडी करून उजवा कान कीबोर्डपासून वीतभर अंतरावर आणतात आणि मला म्हणतात, "हं, वाजवा."

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला कीबोर्डबद्दल दोनच गोष्टी विचारल्या: ह्याच्यावर मराठी टाइप होतं का, आणि चहा सांडला तर चालतो का. तात्यांनी पहिल्याच दिवशी तिसरी विचारली.

"ताई, ह्याला आवाज का न्हाय?"

मी म्हटलं, लोकांना आवाज नको असतो. ऑफिसात त्रास होतो.

"मग दाबलं का न्हाय ते बोटाला कळायचं कसं?"

"समोर पडद्यावर दिसतं ना."

"बघायचं न्हाय. बोटालाच कळाय पायजे."

तात्या सांगवीचे. वय पासष्टीच्या पुढं. गावाजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायच्या मशीनवर बसायचे, तिथूनच रिटायर झाले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं आणि शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी. कीबोर्ड कुणासाठी हवाय, असं मी विचारलं तर म्हणाले, "लागतोय." पुढं तीन महिने ह्या प्रश्नाला हेच उत्तर मिळालं.

चूक माझीच झाली. एमआयडीसीतल्या एका इंजिनियरचा कीबोर्ड दुरुस्तीला आला होता, तो मी तात्यांना दाखवला. जुन्या टाइपरायटरसारखा: सायीच्या रंगाचा, गोल गोल बटणं, प्रत्येक बटणाला चकचकीत कडा आणि खाली स्वतंत्र स्प्रिंग. ह्यांना मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात. तात्यांनी एक बटण दाबलं. टक्क झालं. पुन्हा दाबलं. दहा-बारा वेळा एकच बटण दाबून झाल्यावर ते म्हणाले, "ह्यो बोलतोय."

त्यानंतर ते दर मंगळवारी येऊ लागले.

ह्या कीबोर्डांच्या बटणांखाली जो खटका असतो त्याला रंग असतात. निळा मोठ्यानं वाजतो, तपकिरी दबकत वाजतो, लाल वाजतच नाही. मी तिन्हींचे नमुने मागवून ठेवले. तात्यांनी लाल ऐकला आणि बाजूला सारला. "ह्यो घुमा हाय." तपकिरी ऐकून म्हणाले, "ह्यो सासुरवाडीत जेवाय बसल्यागत वाजतोय." निळ्यावर मात्र त्यांचा चेहरा सैल झाला. "ह्यो आपल्या घरात जेवतोय."

"तुमचा कान भारी आहे तात्या," मी म्हटलं.

"आमचा आजा मेंढरामागं हिंडायचा. कळपातनं कुठली मेंढी फुटली ते न बघता सांगायचा, गळ्यातल्या घुंगरावरनं. माझा कान तितनं आलाय."

खटका ठरला. मग नमपॅडचं निघालं. हे जुन्या वळणाचे कीबोर्ड बरेचदा आखूड येतात, उजवीकडचा आकड्यांचा चौकोन त्यांना नसतो. त्या चौकोनाला नमपॅड म्हणतात, असं मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी तो शब्द ऐकून घेतला आणि वापरला नाही. "ह्यो आकड्यांचा वाफा," ते म्हणाले. "वाफा पायजे का नको, ह्ये ठरवल्याबिगर घ्यायचं न्हाय."

मी सगळ्यांना देते तोच सल्ला दिला. दिवसभर आकडे भरत असाल तर घ्या. नाहीतर आखूड बरा, टेबलावर माउसला जागा राहते.

"ह्यो सल्ला तुमचा का कंपनीचा?"

मी नमुने आवरायला घेतले.

पुढच्या मंगळवारी ते मोबाईल हातात घेऊनच आले. "ह्याच्यावर एक, दोन, तीन वरच्या ओळीत हायत. वाफ्यात त्येच खालच्या ओळीत. का?"

चौदा वर्षं मी रोज हे दोन्ही बघत होते आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी ड्रॉवरमधला कॅल्क्युलेटर काढला, त्यातही एक खाली. मी माहिती काढून ठेवली आणि पुढच्या वेळी सांगितलं की कॅल्क्युलेटरवाल्यांनी एक पद्धत धरली, टेलिफोनवाल्यांनी दुसरी.

"मग त्यांची येकमेकांशी गाठच पडली न्हाय का?" तात्यांनी विचारलं. दोघा शहाण्या माणसांनी एकदा चहाला बसून मिटवायची गोष्ट तशीच राहिली, ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

मग एका दुपारी मला फोन आला. जवळच्या एका पतपेढीचा वॉचमन बोलत होता. एक आजोबा सकाळपासून बाकावर बसलेत, टोकन घेत नाहीत, आत काम करणाऱ्या बाईंकडं टक लावून बघतात आणि डायरीत काहीतरी लिहितात. विचारलं तर म्हणतात, बोटं बघतोय. तुमच्या दुकानाचं नाव सांगतात.

"चांगले आहेत हो," मी म्हटलं. "त्यांना कीबोर्ड घ्यायचाय."

वॉचमननं दुकानाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

त्या डायरीतलं तात्यांनी मला वाचून दाखवलं. "पतपेढी. बाई. उजव्या हातानं वाफा. बघत न्हाई. मेडिकल. मालक. एका बोटानं, वरच्या ओळीतनं. वाफ्यावर गोळ्यांची पाकिटं. एक कार्यालय. कीबोर्ड हाय, लाईट न्हाई." खाली रेघ मारून निष्कर्ष लिहिला होता: वाफा ज्याला येतो त्याला सोडवत न्हाई.

"म्हणजे वाफा पाहिजे," मी म्हटलं. मला वाटलं, सुटले.

"पायजे," तात्या म्हणाले. पण डायरी मिटून ते तसेच बसून राहिले. "पर सगळी मानसं उजव्या हातानं करत्यात."

पुढच्या मंगळवारी ते आले ते उपरणं सोडतच. उजवा हात कमरेशी धरला, उपरण्याचा एक वेढा घेतला आणि मला म्हणाले, "गाठ मारा. घट." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती आपलं काम विसरून बघत राहिली. मी गाठ मारली. तात्यांनी पूर्ण लांबीचा कीबोर्ड समोर घेतला आणि डाव्या हातानं उजवीकडच्या वाफ्यात आकडे दाबू लागले. हात छातीवरून आडवा जायचा, खांदा वळायचा, तोल जाऊन ते टेबलावर रेलायचे. पाच-सात मिनिटांत त्यांना घाम आला. तरी थांबेनात.

"तात्या, तुमच्या हाताला काही झालंय का?"

"माझ्या न्हाय."

मी गाठ सोडली. ते मनगट चोळत म्हणाले, "वाफा डावीकडं पायजे हुता. करत न्हाईत का तसा कोन?"

"सुटा मिळतो की," मी म्हटलं. "वाफा वेगळा, कीबोर्ड वेगळा. दोन वायरी. कुठल्याही बाजूला ठेवा."

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "ह्ये तीन महिन्यात सांगितलं का न्हाय?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"एवढं सगळं इचारलं," ते स्वतःशीच म्हणाले, "आन् ह्ये राहिलं."

पुण्याहून दोन्ही मागवले. कीबोर्ड सायीच्या रंगाचा आला, वाफा फिकट हिरवा. मी बदलून मागवते म्हटलं तर तात्यांनी दोन्हींना कान लावला आणि म्हणाले, "बोली येकच हाय. रंगाचं काय न्हाय." मग खोका काखेत मारून म्हणाले, "रवीवारी लावून द्याय या. इंदापूरला."

मला आतापर्यंत वाटत होतं की सांगवीला त्यांच्या घरी जायचंय.

रविवारी सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. खोका त्यांच्या मांडीवर. बारामती मागं पडल्यावर तात्या आपणहून बोलायला लागले. दूध केंद्रावर त्यांच्यासोबत मुकुंदराव नावाचे क्लार्क होते, मूळचे इंदापूरचे. तात्या मशीनवरचा आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मुकुंदराव तो कॉम्प्युटरवर घ्यायचे. सभासदाचा नंबर, फॅट, लिटर. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, बावीस वर्षं. मुकुंदरावांची नजर खिडकीबाहेर असायची आणि उजवा हात वाफ्यात चालायचा.

"तुमची दोस्ती असेल मग," मी म्हटलं.

"दोस्ती बिस्ती काय न्हाय. कधी एकमेकाच्या घरी चा पिला न्हाय. त्येनी माझं ऐकायचं आन् टाकायचं, एवढंच."

दोन वर्षांपूर्वी मुकुंदरावांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तात्यांना हे उशिरा कळलं. तेव्हापासून ते दर रविवारी इंदापूरला जायचे, दोन तास पलंगाशेजारी बसायचे आणि परत यायचे. "बोलाय काय नसतंय. आमाला आकड्याबिगर काय बोलता येतंय? डॉक्टर म्हणतो डावा हात चालवा. त्ये चालवत न्हाईत. पोरीनं अक्षरांची पाटी आणली, ती ढकलून दिली. मोबाईल दिला, तर काचंवर बोट थरथरतं, एकाचं तीनदा उठतं. मग भिताडाकडं तोंड."

मुकुंदरावांची मुलगी वर्षा दारातच उभी होती. तिनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाबा फेकून देतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मुकुंदराव खुर्चीत बसले होते. गोरे, बारीक, दाढी वाढलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. आम्ही आत गेलो तशी त्यांनी मान खिडकीकडं वळवली. मी वर्षाचा लॅपटॉप टेबलावर ठेवला, कोरं पान उघडलं, कीबोर्ड जोडला आणि सुटा वाफा त्यांच्या डाव्या हाताजवळ सरकवला. त्यांनी पाहिलं नाही.

तात्यांनीही कसली विनवणी केली नाही. समोरच्या स्टुलावर बसले, हवेतच मशीनकडं बघितल्यासारखी नजर लावली आणि एकदम मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "एकशेबारा. फॅट तीन आठ. लिटर सहा."

काही झालं नाही.

"एकशेबारा. फॅट तीन आठ. लिटर सहा."

वर्षानं माझा हात धरला. तात्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, त्याच आवाजात, जणू मागं कॅन घेऊन रांग उभी आहे. मुकुंदराव खिडकीबाहेरच बघत होते. पण डावा हात उचलला गेला. तो वाफ्यावर आला, चाचपडला, मधल्या पाचाच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो तो त्याला सापडला आणि तिथं थांबला. मग टक्क वाजलं.

पडद्यावर आकडा आला नाही. वाफ्यातले आकडे चालू करणारं बटण, नम लॉक, दाबायचं मी विसरले होते. मी पुढं व्हायच्या आत मुकुंदरावांचं बोट वर डावीकडच्या कोपऱ्यात गेलं, एक बटण दाबलं गेलं आणि वाफ्यावरचा बारका दिवा लागला. मग एक. एक. दोन. प्रत्येक आकड्याला बराच वेळ गेला. तात्या हलले नाहीत.

"एकशेचौदा," एंटर वाजल्यावर ते म्हणाले. "फॅट नऊ दोन. लिटर चार."

मुकुंदरावांनी एकशेचौदा घेतला आणि ते अडले. पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून तात्यांकडं रागानं पाहिलं. मग स्वतःच तीन, टिंब, सहा असं टाकलं.

"व्हय की," तात्या म्हणाले. "एकशेचौदाकडं गाई हायत. त्येला नऊ फॅट कुठनं लागंल."

मुकुंदरावांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे मला वर्षाच्या चेहऱ्यावरून कळलं. तात्या मुद्दाम चुकले होते की खरंच विसरले होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

असे पंधरा-वीस सभासद झाले. तात्यांचा घसा सुकला, ते पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात कुणी काही न सांगता वाफा वाजला. दोन. चार. एक. त्यापुढं मुकुंदरावांनी काही टाकलं नाही. बोट बटणावर तसंच ठेवून ते तात्यांकडं बघत राहिले.

तात्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "ह्यो माझा नंबर हाय," ते मला म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मग मुकुंदरावांना सांगितलं, "न्हाय घालत आता दूध. गाई इकल्या."

मुकुंदरावांनी बोट काढलं नाही.

"आमची ही गेली, मुकुंदराव. तुमी तवा दवाखान्यात हुता. एकट्याला धारा हुईनात."

एंटर वाजलं. खालच्या ओळीत पुन्हा दोनशे एक्केचाळीस उमटलं आणि पुढची जागा पुन्हा मोकळी.

तात्यांनी स्टूल ओढून जवळ घेतलं. कुठली गाय कुणाला दिली, तिथून त्यांनी सुरुवात केली. वर्षा आणि मी स्वयंपाकघरात गेलो. आतून तात्यांचा आवाज येत होता, मध्ये थांबायचा, मग टक्क टक्क वाजायचं आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

दुपारच्या गाडीची वेळ झाली तशी मी पिशवी उचलून दारात आले. पडद्यावर दोनशे एक्केचाळीसच्या सात ओळी झाल्या होत्या. तात्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला.

"तुमी व्हा फुडं ताई," ते म्हणाले. "मी येतो मागनं."