मूळपुरुषाचा नारळ आणि दुसरी किल्ली

जयरामने त्या दिवशी ठरवलं ते एवढंच, की विचारायचं नाही. पाच मिनिटांचं काम. विचारायला गेलं की पाचाची पन्नास होतात, शिवाय 'का' ते सांगावं लागतं, आणि नेमकं तेच सांगायची त्याला लाज वाटत होती. (पुढे किती लाज वाढून ठेवली आहे हे ठाऊक असतं, तर ही चिमूटभर लाज त्याने आनंदाने पत्करली असती.)

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. मालवणात बाजाराच्या मागच्या आळीत जयरामचं कौलारू घर. तो कचेरीत कारकून. त्याच्या बायकोला सगळी आळी अक्का म्हणे. लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर जयरामही अक्काच म्हणू लागला, कारण घरात मोठं कोण ते तोवर ठरून गेलं होतं.

त्या जूनमध्ये घराची बाजूची खोली त्यांनी सदानंद मास्तरांना भाड्याने दिली. मास्तर घाटावरचे, बायको शुभदा बाविशीची. खोली बघायला आली तेव्हा तिने ना खिडकी बघितली, ना न्हाणी. दाराची कडी आतून दोनदा लावून बघितली आणि म्हणाली, "अक्का, एकच मागणं आहे. आम्हाला विचारल्याशिवाय आत कुणी यायचं नाही."

"कोण येतला गो?" अक्का हसली.

"मागच्या घरी मालक यायचे. कधी कौल बघायला, कधी वाळवी बघायला. मी न्हाऊन केस पुसत असायची, आणि मागे वळून बघावं तर ते उभे. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती."

अक्काचं हसू गेलं. तिने त्या पोरीचा हात आपल्या हातात घेतला. "माझो शबूद घे. तुका विचारल्याशिवाय ह्या उंबऱ्याच्या आत माझो घोव पण येवचो नाय."

घोव, म्हणजे जयराम, शेजारीच उभा होता. त्याने मान डोलावली.

"अवो, ह्या कुलपाची दुसरी किल्ली खंय?"

"हरवली," जयराम म्हणाला.

किल्ली त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. खोटं बोलावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. आपल्याच घराची किल्ली काढून द्यायची, ते त्याच्या हाताला जमेना, एवढंच.

आता नारळाचं सांगायला हवं. त्या घराण्याच्या मूळपुरुषाचा नारळ त्याच खोलीतल्या उंच कोनाड्यात, तांबड्या फडक्यात बसवलेला असे. वर्षातून एकदा, म्हाळाच्या म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी, जुना नारळ उतरवून नवा ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. खोली देताना जयराम हे साफ विसरला. आठवलं ते भाद्रपद सरत आल्यावर, कचेरीत, एका दप्तराचं तांबडं फडकं सोडताना. आता मास्तरांना काय सांगायचं? सायन्स शिकवणारा माणूस! 'तुमच्या डोक्यावर तीन महिने आमच्या पणजोबांचे पणजोबा बसलेत' म्हटलं तर एक तर हसेल, नाहीतर बिऱ्हाड हलवेल.

म्हणून म्हाळाच्या आदल्या दिवशी त्याने अर्धी रजा काढली आणि सोललेला नारळ कोटाखाली लपवून भर दुपारी घरी आला. पोटाला एवढा फुगवटा, की वाटेत रुक्मिणी कासारणीने विचारलंच, "जयरामानूं, पोटात काय वायगोळो धरलो काय?" त्याने कण्हून होय म्हटलं.

मास्तर शाळेत. खोलीला बाहेरून कुलूप. अक्का स्वयंपाकघरात नाही. 'दोघी मिळून खंय तरी गेल्यो,' जयराम मनात म्हणाला, आणि आपल्याच घरात चोरासारखा इकडेतिकडे बघत त्याने किल्ली फिरवली.

आत अंधूक होतं. खिडकी बंद. पलीकडे दोरीवर जुनं लुगडं टाकून खाटेपुढे आडोसा केलेला. जयराम मास्तरांच्या ट्रंकेवर चढला. वर कोनाड्यात तांबडं फडकं दिसलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने जास्वंदीचं फूल वाहिलं, नवा नारळ पुढे धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

गाऱ्हाण्याचे आमच्याकडे दोन नेम. त्यात खोटं बोलायचं नाही, आणि एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नाही. दर बोलानंतर बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. बाकी तिथे कुणी नव्हतं, तेव्हा तेही जयरामच म्हणू लागला.

"बा मूळपुरुषा म्हाराजा," तो कुजबुजला, "वर्साचो नारळ घेवन इलंय, तो गोड मानून घे रे म्हाराजा. होय म्हाराजा. खोली भाड्यान दिलंय तेवा तुझी याद ऱ्हवली नाय, ता माफ कर रे म्हाराजा. होय म्हाराजा. किल्ली हरवली म्हणान अक्काक खोटा सांगलंय, ता पोटात घाल रे म्हाराजा..."

दम घ्यायला तो थांबला.

"होय म्हाराजा," आडोशामागून आवाज आला.

ट्रंक हलली का जयराम हलला, सांगता येणार नाही. आवाज बारीक होता, थरथरता. मूळपुरुष एवढ्या बारीक आवाजात बोलत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. (पण दोनशे वर्षांत आवाज बसतही असेल.) पळावं, तर गाऱ्हाणं अर्धं राहतं. डोळे मिटून तो पुढे म्हणाला, "अक्कान त्या चेडवाक शबूद दिल्लो, तो मी आज मोडलंय. चेडवाक आणि मास्तराक ह्यातला काय एक कळू देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हा आवाज जाड होता, आणि जयराम तो सत्तावीस वर्षं ऐकत आला होता.

त्याने आधाराला हात वर टाकला. हाताला तांबडं फडकं लागलं, फडक्याबरोबर त्याखालचं सगळं आलं, आणि ट्रंकेवरून जयराम जमिनीवर बसला तेव्हा त्याच्या कुशीत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. खार कोटावरून ओघळत होता.

आडोसा सरकला. खाटेवर अक्का, हातात तेलाची वाटी. तिच्या दंडाला घट्ट धरून शुभदा, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. शुभदाला तिसरा महिना होता. उलट्यांनी हैराण. आळीतल्या बायका तर काय, 'जेवलंस काय गो?' करत थेट खाटेपर्यंत येणाऱ्या. त्या येऊ नयेत म्हणून रोज दुपारी अक्का स्वतःच पुढच्या दाराला कुलूप लावी आणि विहिरीकडच्या दाराने आत येऊन पोरीच्या डोक्याला तेल घाली.

"गाऱ्हाणा कोणाक घातलास?" अक्काने विचारलं.

"मूळपुरुषाक."

"लोणच्याक घातलास! नारळ मी आषाढातच भटजीक बोलवन आपल्या देवघरात हलवलंय. तुमका सांगलंय तेवा पेपर वाचीत 'होय होय' म्हटलास. तीन म्हयने रोज आंघोळ करून त्याच नारळाक हात जोडतास!"

इथे सगळे हसले असते तर जयराम सुटला असता. अक्काच्या ओठाची कड हललीही होती. पण शुभदा हसली नाही.

"अक्का म्हणाल्या, गाऱ्हाण्याला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून मी दिलं," ती म्हणाली. "पण काका, किल्ली फिरली ना, तेव्हा मला वाटलं, तेच आले. मागच्या घरचे. या घरात आल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागली होती."

रागाने म्हणाली असती तर बरं होतं. जयरामला डोळे कुठे ठेवावे कळेना. त्याने ते बरणीवर ठेवले.

"हे आले की आम्ही दुसरी जागा बघू," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

आपल्या स्वयंपाकघरात येऊन अक्काने ताट वाढलं. जयरामने घास उचलला, खाली ठेवला. "अगो, चुकलंय."

"शबूद माझो होतो," अक्का म्हणाली. "तुमचो असतो तर माका काय एक वाटला नसता."

यावर जेवायचं काय? तो हात धुऊन उठला. मास्तर शाळेतून आल्यावर किल्ली तळहातावर घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"या ना, आत या," मास्तर सवयीने म्हणाले.

"नको, नको!" जयराम दोन पायऱ्या मागे उतरला. अंगाला अजून लोणच्याचा वास येत होता. "ही किल्ली. हरवली नव्हती. मी खोटं बोललो. मास्तर, जाऊ नका. मला काय बोलायचं ते बोला, पण अक्काचा शब्द माझ्यापायी फुकट जाऊ देऊ नका."

"ते मला नका सांगू," मास्तर म्हणाले. "आवाजाने दचकली ती. तिला विचारा."

शुभदाने किल्ली घेतली. पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, "लिहून द्या."

लिहिणं! जयरामला हायसं वाटलं. दुसरं त्याला येत काय होतं? बसल्या बसल्या त्याने कचेरीच्या वळणात लिहिलं, की सदर इसमाने सदर खोलीत विनापरवाना प्रवेश केला असून सदर प्रकार पुन्हा घडणार नाही. शुभदाने ते अक्काला वाचून दाखवलं.

"ह्यो सदर कोण?" अक्काने विचारलं. "आमच्या आळीत कोण सदर नाय. ज्यान केल्यान त्याचा नाव घाला."

कागद तीनदा लिहिला गेला. तिसऱ्या खेपेला त्यात सगळं आलं. नाव, किल्ली, खोटं, लोणचं. शेवटी, 'या खोलीत विचारल्याशिवाय कुणीही येऊ नये, मालकाने तर नाहीच.' शुभदाने तो दोनदा वाचला. "राहतो आम्ही," ती म्हणाली, आणि अक्काने पदर डोळ्यांना लावला.

जयरामला वाटलं, कागद आता ट्रंकेत जाईल. पण अक्काला अक्षर वाचता येत नसलं तरी कागदाची ताकद कळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेज घोटून खळ केली आणि तो कागद खोलीच्या दारावर, बाहेरच्या अंगाने, आळीकडे तोंड करून चिकटवला. त्या आळीत वाचता येणारी माणसं मोजून सहा. संध्याकाळपर्यंत कागद साऱ्या आळीला पाठ झाला होता.

तिसऱ्या दिवशी जयराम खाली मान घालून कचेरीत गेला. साहेबांचा कचेरीत यायचा रस्ता त्याच आळीतून. त्यांनी बोलावून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जयराम, मजकूर उत्तम आहे हो," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं नोकरी झाली तुमची, असं मुद्देसूद लिहिलेलं मी तरी आजच वाचलं. तेवढी तारीख घालायची राहिली आहे, ती आज जाताना घाला."